नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि तारणाची खात्री

कोकण सोडून उत्तरेकडे आलेल्या घराण्यांचा इतिहास आपण लिहितो, तेव्हा तो बहुधा तलवार, लेखणी आणि जहागीर यांचा असतो. मल्हाररावांबरोबर माळव्यात कोण आले, कोणाला कोणते गाव इनाम मिळाले, कोणाचा वाडा कोठे होता, यांच्या वंशावळी आपल्या संग्रही असतात. मनातल्या भीतीची वंशावळ कोणी ठेवीत नाही. येथे ज्या गृहस्थाविषयी लिहावयाचे आहे, त्याचे घराणे याच स्थलांतरातले, चित्पावन. बुंदेलखंडात बांद्याच्या नबाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशाच्या, आश्रयाने वाढलेले आणि पुढे काशीस स्थिरावलेले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते, तीही पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या ओघात.

काशीत त्यांनी न्याय आणि इतर दर्शनांचे अध्ययन केले. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने हिंदू धर्माच्या परीक्षणासाठी 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला होता. त्याचे खंडन करण्यासाठी जे पंडित पुढे सरसावले, त्यांत ऐन विशीतले नीळकंठशास्त्री होते. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे त्यांच्या खंडनाचे नाव. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे ते जाऊ लागले, तेही त्याला निरुत्तर करण्याच्या हेतूने. पण वाद घालता घालता वादीच पालटला, आणि १४ मार्च १८४८ रोजी, काशीत नव्हे तर जौनपुरास, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव पडले नेहेम्या.

धर्मांतराच्या कथा साधारणतः येथे संपतात. शास्त्रीबुवांची खरी कथा येथे सुरू होते. ज्याच्यासाठी घरदार, जात, वडिलांची माया सोडली ते हाती लागले की नाही, याची खात्री त्यांना उरलेल्या सत्तेचाळीस वर्षांत कधी निर्वेधपणे लाभली नाही. शंका त्यांच्या पाठीस सतत लागलेल्या होत्या, हे त्यांचे चरित्रकार गार्डनर यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात झाकून ठेवलेले नाही. मिशनऱ्याने लिहिलेल्या चरित्रात हा प्रामाणिकपणा विरळा, म्हणून मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

ही अडचण नेमकी काय होती? ज्या मंडळींकडून त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, ती प्रॉटेस्टंट पंथातील 'इव्हँजेलिकल' मताची. त्यांची शिकवण अशी की, माणूस कर्माने तरत नाही, श्रद्धेने तरतो. आणि ज्याची श्रद्धा खरी, त्याला आपण तरलो ही खात्री अंतःकरणात मिळते. ऐकावयास हे फार दिलासा देणारे आहे. परंतु बाप्तिस्मा घेतलेला माणूसही पुन्हा पाप करतो. राग, अभिमान, आळस, वासना धर्मांतराच्या पाण्याने धुऊन जात नाहीत. मग तेच तेच पाप वारंवार घडत असेल, तर पश्चात्ताप खरा होता काय? पश्चात्ताप खोटा, तर श्रद्धा खोटी. आणि श्रद्धा खोटी, तर तारण कोठले?

सामान्य भाविक या फेऱ्यातून प्रार्थना करून, रडून, किंवा सरळ कामाला लागून सुटतो. नैयायिकाला ते कसे जमावे? धूर पाहून अग्नीचे अनुमान करावयाचे, तर धूर धूरच आहे, धुके नव्हे, हे आधी ठरवावे लागते. आपल्या अंतःकरणातला अनुताप हा ईश्वरी कृपेचा धूर की स्वतःच्या मनाने उठविलेले धुके, हे कोण ठरविणार? ठरविणारे मन तर तेच, ज्याविषयी शंका आहे. शास्त्रीबुवांच्या अस्वस्थतेचे मूळ त्यांच्या न्यायाच्या अध्ययनात होते, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या परंपरेतून ते आले, तिच्यात प्रायश्चित्ताला माप होते. याज्ञवल्क्यस्मृतीचा प्रायश्चित्ताध्याय आणि त्यावरील मिताक्षरा ही काशीच्या पंडिताला परकी नव्हेत. अमुक पातकाला कृच्छ्र, तमुक पातकाला चांद्रायण. दिवस मोजलेले, घास मोजलेले. व्रत संपले की पाप संपले, असे निदान शास्त्र तरी सांगे. नव्या धर्मात व्रत नाही, मोजमाप नाही. आहे ते केवळ हृदयाचे परिवर्तन. किती रडले म्हणजे पुरे, हे सांगणारा ग्रंथ नाही. आपल्या प्रायश्चित्तविधींची थट्टा आजवर पुष्कळ झाली आहे, आणि काही अंशी ती योग्यही होती. पण मोजता येणाऱ्या प्रायश्चित्तात मनाला केवढा विसावा असतो, हे शास्त्रीबुवांकडे पाहिले की कळते.

१८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांच्या परिवारातून ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांना मॅक्समुल्लर भेटले. या भेटीची आठवण त्या पंडिताने पुढे लिहून ठेवली आहे. ख्रिस्ती राष्ट्र म्हणून ज्या लंडनची मनात मूर्ती केली होती, तेथील जीवन पाहून हा हिंदी ख्रिस्ती इतका हताश झाला होता, की यालाच ख्रिस्ती धर्म म्हणत असतील तर परत जावे असे त्याला वाटू लागले होते. ज्यांच्यापाशी खात्री होती, त्यांचे आचरण असे. आणि ज्याचे आचरण निर्मळ, त्याच्यापाशी खात्री नाही!

परतल्यावर ते हळूहळू चर्चच्या उच्च, कॅथलिक वळणाच्या पक्षाकडे झुकले. १८६८ साली डीकन आणि १८७० साली कलकत्त्यास पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली. या पक्षात पापांगीकाराची प्रथा होती. पाप स्वतःच्या मनाशी नव्हे तर पाळकासमोर उच्चारावयाचे, आणि क्षमेचे शब्द त्याच्या मुखातून कानांनी ऐकावयाचे. हा पालट पुष्कळांना कर्मठपणाकडे परत गेल्यासारखा वाटला. मला तो अगदी स्वाभाविक वाटतो. अनुमानाने जे सिद्ध होईना, त्यासाठी शास्त्रीबुवा शब्दप्रमाणाकडे वळले. क्षमा झाली हे माझे मन सांगत नाही, अधिकारी पुरुष सांगतो. तरीही फेरा पुरता तुटला नाही. १८७६ साली ते इंग्लंडला जाऊन काउली येथील सेंट जॉन संघात दाखल झाले, पण अखेरपर्यंत उमेदवारच राहिले. आजन्म बांधून घेणारी प्रतिज्ञा त्यांनी घेतली नाही.

याच संघाचे फादर ओनील आपल्या इंदूरला येऊन राहिले होते, हे येथील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. देशी फकिरासारखे अकिंचन राहून त्यांनी येथे दिवस काढले आणि १८८२ साली पटकीने येथेच देह ठेवला. कॅनडाच्या मिशनने १८८७ मध्ये काढलेले ख्रिश्चन कॉलेज सर्वांच्या परिचयाचे. त्याआधीच्या या संन्याशाची स्मृती मात्र शहराने जपलेली नाही.

प्रार्थनासमाजाशी शास्त्रीबुवांनी जो वाद केला, तोही याच प्रश्नावर येऊन ठेपतो. ईश्वर दयाळू आहे, मनापासून पश्चात्ताप केला म्हणजे पुरे, असे समाजाचे म्हणणे. शास्त्रीबुवा विचारीत, हे तुम्हांला कोणी सांगितले? साक्षात्कारी ग्रंथ मानीत नाही म्हणता, मग क्षमेचे वचन आणता कोठून? मुंबईपुण्यास ब्राह्मो मताच्या मंडळींपुढे दिलेली त्यांची चार व्याख्याने १८७५ साली छापली गेली. त्याआधी, १८६८ साली, अनंतकालीन शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना त्यांनी एका स्वतंत्र पुस्तकात उत्तर दिले होते. स्वतःच्या सुटकेविषयी ज्याचे मन निःशंक नाही, त्याने सार्वकालिक नरकाची बाजू मांडावी, यातला धीर मोठा आहे. सोयीचे मत त्यांनी कधी पत्करले नाही.

ज्या रमाबाईंना त्यांनी वाट दाखविली, त्यांची गोष्ट वेगळी झाली. शास्त्रीबुवांच्या युक्तिवादाने आपली बुद्धी पटली, हे रमाबाईंनी मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळावयास आठ वर्षे लागली. हॅस्लॅम नावाच्या इंग्रज पाळकाचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन करताना, व्यासपीठावर उभा असताना, या पाळकाचे परिवर्तन झाले होते. रमाबाईंना खात्री लाभली ती या मार्गाने, गुरूने सोडलेल्या मार्गाने. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुली आपापली पापे आठवून आक्रोश करू लागल्या, तेव्हा ते दृश्य पाहावयास शास्त्रीबुवा हयात नव्हते. असते, तरी त्यांनी कोणत्या मुलीचा अनुताप खरा हे विचारले असते, असे मला वाटून जाते.

शास्त्रीबुवांच्या पत्नी लक्ष्मीबाई १८५३ साली, मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, परक्या घरी वाढली, इंग्लंडात शिकली आणि १८८० साली मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात परतली. तिने इंग्रजीत भक्तिगीते रचली. त्यांतले एक, प्रभूच्या सान्निध्यातील निवांत विसाव्याचे, चाल लागून इंग्लंड-अमेरिकेच्या सभांतून गायिले गेले. पुढे पुष्कळ वर्षे तिने अलाहाबादेस अनाथ मुलींचा सांभाळ केला. नीळकंठशास्त्री २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले. तोवर लेकीचे ते गीत प्रसिद्ध होऊन बारा वर्षे लोटली होती.