पहिली बंदूक

मागच्या पावसाळ्यात पुतण्या सकाळीच घरी आला. मका दाण्यावर आलेला आणि रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर आडवा केलेला. म्हणाला, "आप्पा, आता लायसन काढतोच. पहिलीच बंदूक आहे. कोणती घेऊ? तुम्ही घरात पाहिलीय."

पाहिलीय खरी. 1968 साली हाच प्रश्न आमच्या अण्णांना पडला होता. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणून अण्णांचे कागद धुळ्याला गेले.

आपल्याकडे बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे सरकारच ठरवत आलं. 1825 मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, जेम्स औट्रम तिचा साहेब. डोंगरातल्या भिल्लांनी बंड करू नये म्हणून त्यांच्यातल्याच काहींच्या हाती सरकारी बंदूक दिली. पुढे 1878 ला हत्यारांचा कायदा आला. गोऱ्याला सूट आणि आपल्या माणसाला लायसन.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याची बंदूक जणू आधीच निवडून ठेवलेली होती. पीक राखायला ठासणीची. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत नळीची दुसरी. तिचीही नळी 20 इंचांपेक्षा आखूड चालत नाही.

ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. दारू ओता, बोळा घाला, गजाने ठासा, छर्रे टाका, परत बोळा, मग टोपी बसवा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. पावसात दारू सर्द होते. तोवर डुक्कर दुसऱ्याच्या वावरात.

अण्णांना बारा बोअरची मंजूर झाली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढं नळीचं तोंड, म्हणून बारा बोअर. दुकानदार दुनळी गळ्यात मारत होता. अण्णांनी एकनळी घेतली. म्हणाले, "एक बार उडाला की बंदूक रिकामी. दुनळीत दुसरी नळी भरलेली राहून गेली तर?" एकनळी मधून मोडली की भरलीय का रिकामी हे डोळ्यांना दिसतं. नवख्यासाठी याच्यापेक्षा मोठा गुण नाही.

घरातला नेम कडक होता. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत यायची नाही. बंदूक माडीवर, काडतुसं आईच्या पेटीत. अण्णा बहुतेक बार हवेतच काढायचे. आवाजानेच कळप पळायचा.

मग 1971 चा मे आला. म्हसावदजवळ पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मेला. अंबरसिंग महाराजांच्या मागे लोक उभे राहिले, पुढच्या वर्षी श्रमिक संघटना निघाली. त्याच दिवसांत पीक राखायच्या नावाने हत्यारबंद राखणदार ठेवायची भाषा बड्या शेतकऱ्यांत सुरू झाली.

मी अकरा वर्षांचा होतो. आमचा भिल्ल सालदार रोज अण्णांबरोबर माळ्यावर राखणीला जायचा, बंदूक खांद्यावर तोच न्यायचा. त्या आठवड्यात तो खळ्यात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मालक, ही डुकरासाठीच ना?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. त्यानंतर ते बंदूक घेऊन वावरात गेलेले मी पाहिले नाहीत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, नंतर परत यायची. पुढे त्यांनी लायसनच परत केलं.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, पण कोणती घेऊ ते सांगा."

त्याचं बरोबर होतं. नुकसान त्याचं झालं होतं, गोष्ट ऐकून मका उभा राहत नाही. म्हटलं, घ्यायचीच तर एकनळी बारा बोअर. 2016 च्या नियमांनी हत्यार हाताळायचं शिक्षण घ्यावं लागतं, ते नुसत्या कागदापुरतं घेऊ नकोस. सीमेपलीकडून कोणी गावठी कट्टा आणून देतो म्हणाला तर त्याला दारातही उभं करू नकोस. आणि लायसन मिळालं म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून त्याला वनखात्याची परवानगी लागते.

शेवटी म्हटलं, "त्या सालदाराच्या नातवाचं वावर आता तुझ्या बांधाला लागून आहे. तोही रात्री मका राखतो. अंधारात मका हलला, तर आत डुक्कर आहे का तो, हे तुला कसं कळणार?"

तो बराच वेळ गप्प बसला.

लायसनचा फॉर्म अजून त्याच्या घरी आहे, भरलेला नाही, फाडलेलाही नाही. वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज मात्र त्याने दिला. या हंगामात तो आणि शेजारचा पोरगा पाळीने जागतात. बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन कधी कधी मीही जातो.