ड्रायव्हरचा काय दोष?

वायरलेस माउस अडखळायला लागला की आपण आयटीवाले काय करतो? ड्रायव्हर काढतो, परत टाकतो, मशीन रीस्टार्ट करतो. कधीकधी जमतंही, त्यामुळे या कर्मकांडावरची श्रद्धा वाढते. पण या उपकरणांचा इतिहास चाळला तर एक गंमत दिसते. ड्रायव्हरचा खरा त्रास मुख्यतः यूएसबीच्या आधीचा. नंतरची बरीचशी भांडणं हवेतली आहेत.

सुरुवात आयबीएमच्या पीसीज्युनिअरपासून करू. नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर झालेल्या या मशीनचा कीबोर्ड बिनवायरचा होता, टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालणारा. मध्ये काही आडवं आलं की बोंब! आणि एकाच खोलीत दोन पीसीज्युनिअर असले की एकाचं टायपिंग दुसऱ्यावर उमटायची भीती. १९८५ मध्ये आयबीएमने हे मशीन बंद केलं (त्याला इतरही कारणं होती म्हणा).

पुढे रेडिओवाले माउस आले. त्यांचा रिसीव्हर बऱ्याचदा पीएस/२ पोर्टला लागायचा, आणि ड्रायव्हरची खरी कटकट इथली. पीएस/२ माउस एका वेळी तीन बाइट पाठवायचा. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाउसला चाक बसवलं आणि चौथा बाइट लागला. आता जुन्या सॉफ्टवेअरला न बिथरवता हे जमवायचं कसं? तर ड्रायव्हरने माउसला सॅम्पल रेट आधी २००, मग १००, मग ८० सांगायचा आणि ओळख विचारायची. उत्तर ३ आलं, तर चाक आहे. म्हणजे दारावरची सांकेतिक टकटकच की! मध्येच माउस रीसेट झाला तर तो तीन बाइट पाठवणार, ड्रायव्हर चार मोजत बसणार आणि कर्सर स्क्रीनभर सैरावैरा धावणार. तिथे ड्रायव्हर नव्याने चालू करणं हा खरंच उपाय होता.

यूएसबीने (पहिलं स्पेसिफिकेशन १९९६) हे दुखणं मुळातून काढलं. त्यातल्या एचआयडी नियमांनुसार उपकरण स्वतःच सांगतं, की मी कीबोर्ड आहे आणि माझ्या रिपोर्टमधले अमुक बिट अमुक कामाचे. त्यामुळे रोजच्या वापराला ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारा ड्रायव्हर पुरतो. वायरलेस डोंगलही कॉम्प्युटरला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच दिसतो. पलीकडे रेडिओ आहे हे त्या ड्रायव्हरला माहीतच नसतं! ब्लूटूथ हा अपवाद. तिथे पेअरिंग ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते, म्हणून बायोसमध्ये असे कीबोर्ड बऱ्याचदा मुके असतात.

ड्रायव्हरचं हे अज्ञान सोयीचं आहे, पण महागही पडतं. २००२ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात एकाने टाइप केलेला मजकूर सुमारे १५० मीटरवरच्या दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर उमटला. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की मायक्रोसॉफ्टच्या २७ मेगाहर्ट्झवाल्या काही कीबोर्डांचं एन्क्रिप्शन म्हणजे एका बाइटशी केलेला एक्सॉर. फक्त २५६ शक्यता! पासवर्डसकट सगळं हवेत. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीने ‘माउसजॅक’ उघड केलं. अनेक कंपन्यांच्या डोंगलना बाहेरून खोटे कीस्ट्रोक पाठवता येत होते, आणि ड्रायव्हर ते निमूट स्वीकारत होता. दुरुस्ती हवी होती डोंगलच्या फर्मवेअरमध्ये. काही डोंगलचं फर्मवेअर बदलण्याची सोयच नव्हती.

आणि आपला अडखळणारा माउस? २०१२ मध्ये इंटेलनेच एका पेपरमध्ये मांडलं, की यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. बरेचसे वायरलेस माउस नेमके याच पट्ट्यात बोलतात. शेजारच्या पोर्टला हार्ड डिस्क लावली की माउस लंगडला, तर ड्रायव्हर दहादा टाकूनही फरक पडायचा नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. डोंगल नीट दिसतोय? मग ड्रायव्हरला सोडा. बॅटरी बघा, डोंगल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तरी नाहीच जमलं, तर एक साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल आणा आणि डोंगल माउसजवळ न्या. आणि डोंगल जुना असेल, तर कंपनीच्या साइटवर फर्मवेअरचा अपडेट आहे का तेही बघून टाका. तो मिळतच नसेल, तर त्या कीबोर्डवर बँकेचा पासवर्ड टाइप न केलेला बरा.