पासंग

पार्ले पूर्वेला स्टेशनजवळच्या बाजारात आता इलेक्ट्रॉनिक काटे आले. हातात धरायची तागडी क्वचितच दिसते. तिच्या हलक्या पारड्याच्या बाजूला सुतळीने बांधलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा, तोच पासंग. शब्द फारसी. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, आपल्या संगमरवरातलाच. रिकामी पारडी समपातळीत आणायची, एवढंच त्याचं काम. मालाच्या वजनात त्याची गणती नाही. म्हणून ‘तो तिच्या पासंगालाही पुरणार नाही’ हा वाक्प्रचार मला मराठीतला फार नेमका वाटतो.

पासंगाने सगळा दोष मात्र जात नाही. दांडीच्या दोन बाजू कमीजास्त लांबीच्या असल्या, तर रिकामी पारडी सरळ दिसतात आणि माल चढेल तसा फरक वाढत जातो. पारख सोपी आहे: माल आणि वजनं यांची पारडी बदलायची. दांडी कलली, तर तराजू खोटा.

१९५८च्या ऑक्टोबरपासून शेर-छटाक मागे पडून किलो-ग्रॅम येऊ लागले, तरी पासंग टिकला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवून ‘टेअर’चं बटण दाबतात, तेही पासंगाचंच काम. गिऱ्हाइकाने माल टाकण्याआधी तेवढं शून्य बघून घ्यावं.