नवे माध्यम, जुनी चाकरी

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. नुसते बोलून पोट भरणारी माणसे तेव्हाही होती: कीर्तनकार, वकील, आणि आम्ही मास्तर. त्यांत निवेदकाची भर पडली. पण या नव्या धंद्याचा पाया फारच कच्चा होता. कंपनीचा संसार मुख्यतः लायसेन्सच्या पैशावर चाले. वर्षाला दहा रुपये फी, त्यातले आठ कंपनीला. १९३० पर्यंत लायसेन्सधारक आठ हजारांच्या आतच राहिले. एवढ्यावर मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रे कशी चालावीत? मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली. एप्रिलात सरकारने केंद्रे हाती घेतली, आणि १९३१ च्या ऑक्टोबरात खर्च झेपत नाही म्हणून ती बंद करण्याचे ठरवलेही! लोकांनी ओरड केली, तेव्हा नोव्हेंबरात तो निर्णय फिरला. मधल्या दीड महिन्यात केंद्रावरच्या माणसांनी दिवस कसे काढले असतील, याचा विचार आपण करावा.

या धंद्याचे शिक्षण देणारी शाळा नव्हती, म्हणून माणसे आली ती दुसऱ्या धंद्यांतून. १९३५ मध्ये म्हैसूरला ज्यांनी आपल्या घरी छोटे केंद्र उभारले आणि ज्याला पुढे ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, ते गोपालस्वामी मानसशास्त्राचे प्राध्यापक. ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख झालेले अहमद शाह बुखारी लाहोरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवीत. (आमच्या जातभाईंनी तेवढे तरी केले म्हणायचे.) १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टेलिव्हिजन आले, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा घडली. पहिली माणसे गेली ती रेडिओतूनच, आपले पु. ल. देशपांडे त्यांपैकीच एक. मुंबईला टेलिव्हिजन यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडले, आणि रेडिओपासून ते स्वतंत्र झाले १ एप्रिल १९७६ ला. म्हणजे धाकट्या भावंडाने सतरा वर्षे थोरल्याच्याच घरी काढली.

आता मुद्द्याची गोष्ट. आकाशवाणीत इंजिनिअर आणि कारकून हे सरकारी नोकर होते. पण जे खरोखर ऐकू येत, ते निवेदक, वादक, नाट्यकलावंत ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून कराराने घेतलेले. त्यांना पगार नव्हे, ‘फी’ मिळे. मुदत संपली की नवा करार. टाइपरायटरवर बसणाऱ्याला जी शाश्वती होती, ती मायक्रोफोनपुढे बसणाऱ्याला नव्हती. ही मंडळी सरकारी नोकर ठरली ती १९८२ मध्ये. तोवर कित्येकांचे केस पांढरे झाले होते. त्यानंतरही कॅज्युअल निवेदकांची रांग उरलीच: महिन्यातून मोजक्या पाळ्या, आणि त्यांचे मानधन.

वेबच्या माध्यमाकडे मी याच नजरेने पाहतो. २००१ पासून खाजगी एफ. एम. केंद्रे आली, पण स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी त्यांना नाही. तेव्हा बातमी बोलून सांगण्याची हौस असलेली मुले वेबकडे वळतात यात नवल काय? प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे इंटरनेटवरचे व्यासपीठ सुरू केले. कामे पुष्कळ आहेत: मुलाखतीचे तुकडे काढणे, चित्राखाली मजकूर बसवणे, पॉडकास्ट जोडणे. एकाच पोराने लिहायचे, बोलायचे, कापायचे आणि चढवायचेही! पूर्वी या चार कामांना चार माणसे असत. पण यांतल्या बऱ्याच कामांना अजून कायमचे पद नाही. पुन्हा करारच.

म्हणून कुणी विद्यार्थी सल्ला विचारायला आला, की मी त्याला आवाजाबद्दल काही सांगत नाही, कागद आधी वाच म्हणतो. मुदत किती, मानधन महिन्याचे की नगावर, आणि आपला आवाज पुन्हा वाजवला तर त्याचे काय? रेडिओवर बोललेले बहुतेक हवेत विरून जाई. वेबवरचे दहा वर्षांनीही कुणी तरी ऐकत असतो, आणि तोवर बोलणारा दुसरीकडे नोकरी शोधत असतो.