पेंट करेक्शन म्हणजे काय? गाडी चमकते, पण थर कमी होतो

डिटेलिंगच्या दुकानात 'पेंट करेक्शन' हा शब्द ऐकला की वाटतं, गाडीवर काहीतरी चढवणार. प्रत्यक्षात उलटं आहे. रंगाच्या वरचा पारदर्शक थर मशीनने घासून थोडा कमी करतात. वॅक्स किंवा कोटिंग पुन्हा लावता येतं, घासून गेलेला थर परत येत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इथे अनडू नाही.

आमच्या केंदूरच्या तालुक्यात, शिरूरमध्ये, रांजणगाव एमआयडीसीत टाटा नेक्सॉन, जीप कंपाससारख्या गाड्या बनतात. अशा कुठल्याही आधुनिक गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, आणि रंगाला उन्हापासून वाचवणारी रसायनंही त्यातच.

उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे दिसतात, ते याच थरात. गंमत म्हणजे ते गोल नसतात. सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. ओरखडा 'भरत' नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग खाली आणावा लागतो. नख अडकत असेल तर तो खोल आहे, पूर्ण काढायचा हट्ट नको.

चांगला कारागीर आधी गाडी धुतो, डिटेलिंगच्या क्लेने चिकटलेली घाण काढतो, मग गेजने जाडी मोजतो आणि छोट्या जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश वापरून बघतो. जमलं नाही तरच कंपाउंड. जोरकस कंपाउंडिंगमध्ये काही मायक्रॉन सहज जातात, त्यामुळे एका गाडीला असं काम आयुष्यात मोजक्याच वेळा झेपतं. दर सर्व्हिसिंगला 'रबिंग करून देतो' म्हणणाऱ्याला मी तरी नकोच म्हणतो. गेजचीही मर्यादा आहे: ते सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते नाही. साधं गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. जुनी गाडी घेताना मात्र फार कामाचं. एकाच दरवाज्यावर आकडा दुप्पट आला, तर तो बहुतेक पुन्हा रंगवलेला आहे.

काम झाल्यावर फसगत होते ती इथे. काही पॉलिशमधलं तेल ओरखडे नुसते झाकतं, दोन-चार धुण्यांत ते परत दिसतात. म्हणून पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, गाडी उन्हात नेऊन दाखवायला सांगा. सिरॅमिक कोटिंगचं '९एच' हे पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचं माप आहे. त्याचा अर्थ दगड लागला तरी ओरखडा पडणार नाही, असा नाही. आणि करेक्शन न करता कोटिंग मारलं, तर ओरखडे त्याखाली तसेच राहतात.

आता मूळ कारण. आपल्याकडे गाडीवर धूळ बसली की कोरडं फडकं मारायची सवय. धूळ वाळूची असो की काळ्या खडकाची, ती क्लिअर कोटपेक्षा कठीण असते, आणि फडकं तिला रंगावर घासतं. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मगच शांपू आणि मायक्रोफायबर. बोअरचं पाणी जड असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात. ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा. डागाने थर कोरला असेल, तर मात्र पॉलिशिंगशिवाय तो जात नाही.