पानवेली (नांदूर मध्यमेश्वर)

पानवेली किंवा जलपर्णी ही पाण्यावर तरंगणारी, मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील वनस्पती आहे. नाशिक जिल्ह्यातील गोदावरीच्या पात्रात आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पाणथळ क्षेत्रात तिचा मोठा उपद्रव होतो.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या कोरड्या पट्ट्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधण्यात आला. उद्देश सिंचनाचा होता. परंतु साठलेला गाळ, उथळ पाणी आणि काठची झाडी यांमुळे तेथे पक्ष्यांचे आश्रयस्थान निर्माण झाले. १९८६ मध्ये ते अभयारण्य घोषित झाले आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली.

पानवेलीचे देठ फुगीर व स्पंजासारखे असतात, फुले जांभळट असतात. या फुलांच्या मोहानेच ती शोभेची वनस्पती म्हणून जगभर नेली गेली. बियांबरोबरच आडव्या धावत्या खोडांपासूनही तिची वाढ होत असल्याने अनुकूल पाण्यात तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते तिला आयते पोषण पुरवतात. पुरात तिचे थर खाली वाहत येऊन सायखेड्यासारख्या ठिकाणी पुलाला अडकतात व पाण्याला अडथळा होतो.

दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, पाणवनस्पती व मासे यांची हानी होते आणि बदकांना लागणारे मोकळे पाणी आक्रसते. मात्र सर्वच पक्ष्यांचे नुकसान होते असे नाही; कमळपक्षी व जांभळी पाणकोंबडी तरंगत्या पानांवर सहज वावरतात.

या क्षेत्रातील अतिसंकटग्रस्त प्रजातींत पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी हा छोटा मासा यांचा समावेश होतो. होरा व मिश्रा यांनी १९३८ मध्ये देवळाली येथील नमुन्यांवरून या माशाचे वर्णन केले. त्याचे कुल वाहत्या, खडकाळ पाण्यात राहणारे असल्याने केवळ पानवेली काढून त्याचे रक्षण होणार नाही. पाण्याचा उपसा व प्रदूषण हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

पानवेली हातांनी, बोटींनी व यंत्रांनी काढल्या जातात. भारतात १९८० च्या दशकात त्यांच्या जैविक नियंत्रणासाठी निओकेटिना भुंगेरे आणण्यात आले. काढलेली वनस्पती काठावरच टाकल्यास पुढील पावसात ती पुन्हा पात्रात येते.