कोन येथील घरे आणि इमारतनियमांतील उष्णतेचे स्थान

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, उल्हास नदीच्या पैलतीरी वसलेले कोन हे गाव २००१ च्या जनगणनेत नगर म्हणून नोंदले गेले. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच होता. भिवंडी परिसरातील कौलारू घर, यंत्रमाग-कामगारांची पत्र्याची चाळ व काँक्रीटची इमारत यांपैकी कोणत्या घरात उन्हाळा सुसह्य होतो, हे रहिवाशांना ठाऊक असते. कायद्याने मात्र हा प्रश्न फार उशिरा विचारला.

या प्रदेशातील गृहबांधणीच्या नियमांचे मूळ १८९६ च्या मुंबईतील प्लेगमध्ये सापडते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने दाट वस्त्यांतील कोंदट हवेला शत्रू मानले. मंडळाचा साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन प्रसिद्ध आहे. त्याचा व्यवहारी अर्थ असा की, भिंतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा समोर असावी. हेतू रोगनिवारणाचा होता. उष्णता कमी झालीच, तर ती आनुषंगिक.

हीच दृष्टी पुढे टिकली. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परंपरेत दमट-उष्ण प्रदेशातील खोलीच्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एकषष्ठांशाहून कमी नसावे, असे प्रमाण आहे. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त याच हवामानासाठी १६.६६ टक्के हा आकडा येतो. तो जुना एकषष्ठांशच होय! मोजणी मात्र बदलली. जुने प्रमाण खिडकीची चौकटही जमेस धरी. नवी संहिता प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्रच मोजते. दोन पाखांच्या सरकत्या खिडकीचा अर्धा भाग नेहमी बंदच राहतो, हे ध्यानात घेतल्यास या फरकाचे महत्त्व कळते.

खरी उणीव छपराची होती. कौलांच्या सांध्यांतून वारा खेळतो आणि माळ्याचा पोकळ थर उष्णता अडवतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो व रात्री तीच उष्णता खाली सोडतो. किनाऱ्यालगत रात्रीचे तापमान फारसे उतरत नसल्याने हा दोष अधिक जाचतो. उष्णतारोधनाविषयी भारतीय मानक ३७९२ (१९७८) उपलब्ध होते, परंतु ते मार्गदर्शकच होते. २०१८ च्या संहितेने छपराच्या उष्णतासंक्रमणाला प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट ही मर्यादा घातली. सुमारे बारा सेंटिमीटरच्या साध्या स्लॅबचे मूल्य साडेतीनच्या आसपास भरते. म्हणजे रूढ बांधकाम या कसोटीस उतरतच नाही. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी प्रति चौरस मीटर १५ वॅट ही स्वतंत्र मर्यादा आहे.

इंग्लंडसारख्या थंड देशानेही जून २०२२ पासून नव्या घरांतील अतितापाविरुद्ध इमारतनियमांचा ‘ओ’ भाग लागू केला. तुलना करताना एक भेद विसरता येत नाही. तेथील नियम नव्या निवासांना सरसकट लागू होतो. भारतीय संहितेचा मूळ भाग ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांपुरताच आहे आणि अंमलासाठी राज्यांच्या व स्थानिक नियमांवर अवलंबून आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील बांधकामास पंचायतीची परवानगी आवश्यक ठरविली होती. तीत छपराच्या उष्णतेची पृच्छा नव्हती. परिणामी कोनसारख्या ठिकाणी संहितेचा लाभ मोठ्या संकुलांना मिळू शकतो. लहान भूखंडावरील एकमजली घर, ज्याच्या प्रत्येक खोलीवर थेट छप्परच असते, ते मात्र मर्यादेबाहेर राहते.